वाकळीचा घास

आत्याने मला बोलावलं ते इंग्रजीसाठी. फोन तिने बाबांना केला. माझ्याशी बोललीच नाही, कारण फोनवर मी "हो", "नाही" आणि "बरं" यांच्या पुढे जात नाही हे तिला ठाऊक होतं. "बारावी झाली ना तिची? यंदा कॉलेज नाही, मग घरात बसून काय करती? पाठव इकडं. अकरा पानांचा फारम आलाय, सगळा इंग्रजीत," असं ती म्हणाली, आणि दोन दिवसांनी मी बीडच्या स्टँडवर पाटोद्याच्या गाडीत बसले.

आत्याचं गाव पाटोद्यापासून आत आहे. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस नव्हता. श्रावण लागला होता तरी रान मे महिन्यातल्यासारखं भुरं होतं. गावात टँकर चार दिवसांआड यायचा. बैल आणि गाई चारा छावणीवर होत्या, त्यांच्यामागे गडीमाणसंही तिकडेच, आणि गावात उरल्या होत्या बायका, शेळ्या आणि शाळेतली मुलं.

आणि वाकळा. पुण्याकडे जिला गोधडी म्हणतात ती आमच्याकडची वाकळ. जुनी लुगडी एकावर एक अंथरून धावदोऱ्याने शिवलेली. वाकळा शिवायचा हंगाम उन्हाळ्याचा. पेरणी आली की सुया डब्यात जातात. त्या वर्षी पेरणीच आली नाही, म्हणून सुया बाहेरच राहिल्या. आत्या अंगणवाडीत नोकरीला होती. तिने आधी बचत गट चालवला, मग तीन गट एकत्र करून बायकांची सहकारी संस्था काढली. आत्याच्या वस्तीतल्या बुद्धविहारासमोर पत्र्याचा मंडप होता, तिथे सगळ्या जमायच्या. पहिल्या वर्षी वरच्या आळीतल्या बायका प्यायचं पाणी आपापल्या घरून आणायच्या, असं आत्याने मला सांगितलं. दुष्काळाने ते आपोआप बंद झालं. आता सगळ्यांच्या घरचं पाणी एकाच टँकरचं होतं.

मला त्या पहिल्या दिवसापासून "मॅडम" म्हणत. चिडवूनच. मी कोपऱ्यात खांबाला टेकून बसायचे, मांडीवर वही घेऊन. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठी मला सगळी कळते, पण बोलायला तोंड उघडलं की माझ्या बोलण्याला वर्गाचा वास येतो. त्या बायकांच्या बोलण्यात माझं एक वाक्य पडलं की सगळ्या क्षणभर गप्प होत आणि मग जास्तच मोठ्याने बोलत. त्यामुळे मी वाक्यं टाकायचं थांबवलं. मला पाहता येतं. मी पाहत बसले.

लुगडी आधी धुवायची असतात, आणि पाणी तर नाही. मग एकाच घंगाळात पहिल्यांदा पांढरी, त्याच पाण्यात फिकी, मग हिरवी-निळी आणि शेवटी लाल. कुठलं लुगडं रंग सोडतं हे त्या पाण्याकडे बघून कळायचं. ते बाजूला काढून त्याची पायपुसणी. उरलेलं पाणी शेवग्याच्या बुडाला. मग मंडपात अस्तर ताणायचं, त्यावर थर घालायचे आणि चारी बाजूंनी बसून कडेकडून आत शिवत यायचं. वाकळ पुरी होत आली की एका कोपऱ्याला वीतभर जागा उघडी ठेवत. तिला वाकळीचं तोंड म्हणतात. ते जिची वाकळ तिने आपल्या घरी नेऊन शिवायचं. का, ते मी विचारलं नाही. मंडपात उजेड कमी होतो, असं काहीतरी असेल म्हणून सोडून दिलं.

संस्थेत सगळ्यांत बारीक टाका एका मावशीचा होता. माझी सख्खी मावशी नव्हे, पण आत्याने तशी ओळख करून दिली आणि तेच चालू झालं. उंच, वाळकी बाई. तळहात कोयत्याने टणक झालेले. त्या हातांत सुई दिसायची नाही, नुसता दोरा पुढे सरकताना दिसायचा. तिचा टाका ज्वारीच्या दाण्याएवढा, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत तेवढाच. दुसऱ्या कुणाची वाकळ तपासायची तर ती सरळ उलटी करायची. "वरनं काय बघायचं? पाठ बघा," म्हणायची आणि डोळे मिटून मागच्या बाजूने तळहात फिरवायची. कुठे थांबली की समजायचं, तिथे कुणीतरी घाई केली आहे.

मावशी दरवर्षी दसऱ्याच्या सुमाराला नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची आणि उन्हाळा लागला की परत यायची. त्या वर्षी तिला जायचं नव्हतं. कारण विचारलं तर ती हसत सांगायची, पण सांगायची तेच, दर वेळी.

"बावीस वर्षं झाली लग्नाला. मी माझ्या घरात हिवाळा पायला न्हाई. थंडीत माझं घर कसं आसतंय ते घराला म्हाईत आन् कुलपाला म्हाईत."

"काय आसतंय बघायला?" तिच्या शेजारी बसणारी काकू म्हणायची. काकू जाडजूड, सतत हसणारी, आणि तिच्या जिभेतून कुणीच सुटत नसे. "आमी बघतोच की दरसाली. नाक गळतंय."

"माझं नाक माझ्या घरात गळू दे की एकदा."

हे होणार की नाही ते त्या अकरा पानांवर होतं. दिल्लीची एक संस्था चांगल्या, अस्सल हस्तकलेला दर्जाची मोहर द्यायची. मोहर मिळाली की मोठ्या शहरांतली दुकानं माल घेतात, आणि हिवाळ्याची मागणी आत्ताच ठरते. ती आली तर उन्हाळ्यापर्यंत सगळ्यांना पुरेल एवढं काम. नाही आली तर मावशीने ऊसतोडीच्या मुकादमाला हो म्हणायचं. मुकादम दसऱ्याच्या आत टोळी भरणार होता.

मी फारम भरायला घेतला. आत्या प्रश्न मराठीत सांग म्हणाली, म्हणून मी खाली मान घालून वाचायचे आणि उत्तरं चहूबाजूंनी यायची.

"ही कला किती जुनी आहे?"

"लिव," काकू म्हणाली, "वाकळ आदी झाली, मंग मानूस. न्हाईतर झोपला कशात आसता?"

"एका इंचात टाके किती?"

इंच कुणालाच नको होता. मी माझी शाळेतली पट्टी मावशीच्या वाकळीवर ठेवून टाके मोजले. तिसऱ्यांदा मोजायला लागले तेव्हा मावशी म्हणाली, "मॅडमला इस्वास न्हाई." सगळ्या हसल्या. माझे कान गरम झाले.

सहाव्या पानावर प्रश्न होता: कापड आणि दोरा सोडून आणखी काय वापरता? प्रत्येक वस्तू नोंदवा. तो मी वाचून दाखवला नाही. तीन-चार आठवडे मी त्या मंडपात बसले होते, सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. 'काहीही नाही' असं इंग्रजीत लिहिलं आणि पान उलटलं.

नमुन्याला तीन वाकळा पाठवायच्या होत्या. एक मावशीची. निळ्या लुगड्यांची, मधे लाल चौकट, चौकटीत कुठल्याशा जुन्या काठाचे पिवळे तुकडे. तिन्ही वाकळा खोक्यात भरून आत्याच्या मागच्या खोलीत ज्वारीच्या पोत्यांशेजारी ठेवल्या. आत्याला अंगणवाडीतून सुट्टी मिळेना, म्हणून खोकं आठवडाभर तिथेच राहिलं. मग ती बीडला जाऊन कुरिअर करून आली. अर्ज मी मोबाईलवरून पाठवला. गावात रेंज फक्त पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर यायची, त्यातही चौथीवर.

पितृपक्षात उत्तर आलं. मी चौथ्या पायरीवर उभी राहून वाचलं आणि मग खाली बसून पुन्हा वाचलं, तोवर रेंज गेली होती. भाषा अतिशय सभ्य होती. तीनपैकी निळ्या वाकळीचा एक कोपरा उंदराने कुरतडलेला मिळाला. आत शिजवलेल्या गोड पदार्थाचे अवशेष आढळले. अर्जात मात्र 'काहीही नाही' असं लिहिलं आहे. सबब अर्ज थांबवला आहे, खुलासा पाठवावा. आमच्या परीक्षक अमुक दिवशी प्रत्यक्ष भेट देतील.

मी ते कुणाला सांगितलं नाही. माझी जुनी सवय. वाईट बातमी मी आधी स्वतःजवळ ठेवते, जणू ठेवल्याने ती लहान होणार आहे. मला गोड पदार्थाचा अर्थच लागत नव्हता. कुणीतरी शिवता शिवता खाल्लं असेल आणि सांडलं असेल, असं मी ठरवलं होतं, आणि ते कुणी केलं हे विचारायचं कसं, याच्यावर मी रात्रभर वाक्यं बनवत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुकादम मोटारसायकलवरून मंडपापाशी आला. उतरला नाही. एक पाय जमिनीवर टेकवून मावशीला म्हणाला, "काय मग वहिनी, यंदा कोयता हाय का न्हाई?"

"दसऱ्याला सांगते."

"दसऱ्याला टोळी भरलेली आसती. परवापस्तोर सांगा. लई लोकं मागं लागलेत, आसल्या सालात कुनाला काम नको?"

तो गेल्यावर मावशी माझ्याकडे वळली. "मॅडम, दिल्लीची काय खबर?"

"अजून काही नाही," मी म्हणाले.

ती पुन्हा शिवायला लागली. दोरा पुढे सरकत होता. मी वहीत बघत बसले आणि वहीत काहीच नव्हतं.

रात्री झोप लागली नाही. सकाळी बायका येऊन बसत होत्या, आत्या हजेरी घेत होती, तेव्हा मी उभी राहिले. मी उभी राहिले हेच इतकं नवीन होतं की काकूने सुई थांबवली. मी एका दमात सांगितलं: पत्र परवाच आलं. मी लपवलं. काल मी खोटं बोलले. वाकळीचा कोपरा उंदराने खाल्ला, आत काहीतरी गोड निघालं, आणि सगळं अडलं आहे.

मावशीने हातातली सुई कापडात टोचून ठेवली.

"कोनच्या कोपऱ्याला?"

"तोंडाच्या."

"उंदीर आपला का दिल्लीचा?"

"ते लिहिलं नाही."

"आपलाच आसंल," काकू म्हणाली. "दिल्लीच्याला काय चव कळती." मग तिने मावशीकडे मान वाकडी करून पाहिलं. "काय घातलंतं गं तू त्यात?"

मावशी लुगड्याचा पदर सारखा करायला लागली.

"बोल की."

"पुरनपोळी."

मंडपात जे हसू फुटलं ते मला आजही जसंच्या तसं ऐकू येतं. काकू मागच्या मागे आडवी झाली. माझी आत्या, जी हजेरीच्या वेळी कधी हसत नाही, तिने वहीने तोंड झाकलं. मला एकटीलाच काही कळलेलं नव्हतं. शेवटी आत्यानेच मला सांगितलं. वाकळीचं तोंड शिवायच्या आधी तिला घास भरवतात. चुलीपाशी बसून, भाकरीचा कोर आणि गुळाचा खडा, सुपारीएवढा. उपाशी वाकळ कुणाला पांघरायला द्यायची नाही. घरातली वाकळ रोज उन्हात पडते, भाकरीचं पीठ होऊन जातं, आजवर कुणाच्या वाकळीला काही झालेलं नव्हतं.

"मग भाकरीच घालायची ना," आत्या म्हणाली.

"एवढ्या लांब चाललीय, आन् वाळकी भाकरी घालू?" मावशी म्हणाली. "परक्या मुलखात?"

"टँकरच्या पाण्यात पुरण शिजवलंस?"

"वाटीभर डाळीची येकच केलती. उरलेली ह्यांनी खाल्ली."

मी हसले. त्यांच्यासमोर पहिल्यांदा, आणि आवाज करून. काकूने मला कोपराने ढोसलं आणि म्हणाली, "मॅडमला दात हायेत."

पण नंतर आत्या गंभीर झाली. तिचं म्हणणं सरळ होतं. घास-बीस आता बंद करायचा, तोंड इथेच मंडपात शिवायचं, आणि तसं दिल्लीला कळवायचं. "आपण असलं काही मानत नाही," ती म्हणाली, "आणि मोहर हवी असेल तर उंदीर चालणार नाही."

मावशीने आवाज चढवला नाही. "मानायचं न्हाई तर नका मानू. आपन कुनाला दारातून लावून देताना हातावर काय तरी ठिवतो का न्हाई? तसं हाय ते. मी उपाशी वाकळ देनार न्हाई, ताई. मग मी जाते तोडीला."

ज्या बाईला न जाणं हवं होतं तिनेच हे म्हटल्यावर आत्याने वही मिटली. दिवसभरात आत्या दोनदा माझ्यापाशी येऊन उभी राहिली आणि परत गेली. मी टाकीवर जाऊन खुलासा लिहिला. तो लिहायला मला अकरा पानांपेक्षा जास्त वेळ लागला. चूक माझी आहे, मी विचारलं नाही, असं पहिल्या ओळीत लिहिलं. मग घास म्हणजे काय ते लिहिलं. पुरणपोळी का घातली तेही लिहिलं, आणि ते कसं दिसेल याचा विचार न करता पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी मावशी उशिरा आली. मुकादमाला सांगायचा तोच दिवस होता. तिने कनवटीतून काहीतरी काढून आत्याच्या वहीवर ठेवलं. पांढऱ्या धोतराच्या चिंधीची रुपयाएवढी गोल चकती, चार थरांची, कडेपासून मधोमध फिरत गेलेला धावदोरा. मधे पिवळ्या दोऱ्याचा एक ठिपका.

"हे काय?"

"भाकर. आन् गूळ." मावशी बसली. "रातभर इचार केला. वाकळ कापडाची, मग तिनं मानसाची भाकर का म्हनून खावी? तिचं तिला द्यावं."

आत्याने ती चकती उलटी केली. पाठ पाहिली. पाठीमागेही ज्वारीचे दाणे. मग तिने ती माझ्या हातात दिली. तिची बोटं ज्या तऱ्हेने ती चकती सोडत होती त्यावरून मला कळलं की वाद संपला.

"उंदराचं काय पन?" काकूने विचारलं.

"त्यानं त्याचं बघावं."

मुकादमाला मावशीने आणखी आठ दिवस मागितले. तो कुरकुरला, पण त्या वर्षी मावशीसारखी तोडणारी त्यालाही सोडायची नव्हती.

परीक्षक बाई आल्या त्या दिवशी आत्याने मला नवा ड्रेस घालायला लावला, कारण दुभाषी मी होते. आदल्या रात्री मी सगळी वाक्यं दोन्ही भाषांत पाठ केली होती. बाई साठीच्या होत्या, केस कापलेले, खांद्यावर मोठी कापडी पिशवी. जीपमधून उतरल्या, मंडपात आल्या आणि हिंदीत म्हणाल्या, पुरणपोळी कुणी घातली होती?

मी तोंड उघडलं. त्याच्या आत मावशी म्हणाली, "मैं डाली. लंबा जाने का था ना, बाई. रास्ते में कौन पूछता उसकू?"

आणि मग जे सुरू झालं त्यात माझ्या एकाही वाक्याला जागा मिळाली नाही. आमच्याकडच्या सगळ्या बायकांना ही हिंदी येते. बाजारात, बांगडीवाल्याशी, तोडीवर कर्नाटकात, त्या हीच बोलतात. मला हे माहीत असायला हवं होतं. काकूने तर दिल्लीत पाणी रोज येतं का इथपासून चौकशी केली. मी आपली खांबाला टेकून उभी, पाठ केलेलं सगळं पोटात घेऊन.

बाईंनी काम मात्र कसून केलं. भिंगातून टाके मोजले. सोबत परत आणलेल्या निळ्या वाकळीच्या लाल चौकटीवर ओला पांढरा रुमाल घासला आणि रुमाल पांढराच राहिला. घंगाळातल्या एका पाण्याने तो निकाल महिन्यापूर्वीच लावलेला होता. शिवण दोन्ही हातांनी ओढून पाहिली. एका वाकळीला त्यांनी नाही म्हटलं. ती काकूची होती. काकू म्हणाली, "बराबर हाय. त्या दिवशी माझा भाऊ आलता, माझं ध्यान न्हवतं." आणि मावशी एवढ्या वेळात बाईंच्या पिशवीचा बंद उलटून पाहत होती. "ये किसने सिया? फसाया तुमकू," ती म्हणाली, आणि सुई काढून तो बंद शिवायलाच बसली. बाईंनी पिशवी रिकामी करून तिच्या मांडीवर दिली.

मग त्यांनी माझा अर्ज काढला. सहावं पान. "आणि हे कुणी लिहिलं?" हे त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"मी," मी म्हणाले. इंग्रजीत म्हणाले आणि मग, का कुणास ठाऊक, तेच मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मी विचारलं नव्हतं. मला विचारायला भीती वाटते."

बाईंनी ते पान मिटलं. "खुलासाही तूच लिहिलास ना? तो मी दोनदा वाचला," एवढंच म्हणाल्या.

तोंड शिवताना पाहायचं आहे, असा त्यांचा आग्रह होता. म्हणून आम्ही मावशीच्या घरी गेलो. एवढ्या आठवड्यांत मी तिथे गेले नव्हते, कुणी बोलावल्याशिवाय मी जात नाही. पत्र्याची एक खोली, पुढे ओटा, आत शेणाने सारवलेली जमीन आणि कोपऱ्यात चूल. छावणीवरून तिचा नवरा आलेला होता. तो बाईंना नमस्कार करून दाराबाहेर जाऊन बसला आणि तिथूनच म्हणाला, "अर्धी मी खाल्लीय, हे बी लिवून घ्या." मावशीने आतून त्याला गप्प केलं.

चुलीपाशी मावशीची नवी वाकळ पसरली. मावशीने कनवटीतून चकती काढली आणि माझ्यापुढे धरली.

"तू घाल."

"मी?"

"लिवलं न्हाईस न तू? मंग घाल आता. फारमात ऱ्हायलंय ते हातानं कर."

मॅडम गेलं होतं, तू आलं होतं. मी ती चकती दोन बोटांत धरून थरांच्या मधे सरकवली. आत कापड अजून उन्हाने ऊबदार होतं. मावशीने तोंड शिवून टाकलं, गाठ मारली, दोरा दातांनी तोडला, आणि बाईंचं बोट धरून त्या कोपऱ्यावर दाबलं. बाईंनी तिथे बोट बराच वेळ ठेवलं. मग वहीत काहीतरी लिहिलं. मी त्यांच्या शेजारीच होते, मला सहज वाचता आलं असतं. मी वाचलं नाही.

मोहर दसऱ्याच्या तीन दिवस आधी आली, आणि तिच्यासोबत दुकानांची हिवाळ्याची मागणीही. चौथ्या पायरीवरून मी मंडपापर्यंत पळत गेले, आणि पोचल्यावर मला बोलताच येईना, धाप लागली होती. "हिचं तोंड बघा, काय विचारायचं," काकू म्हणाली, आणि सगळ्यांनी शिवणं टाकून दिलं. आत्याने चहाला साखर दुप्पट घालायला सांगितली. मावशी उठली, मंडपाबाहेर जाऊन उन्हात उभी राहिली, आणि परत येऊन म्हणाली, "किती वाकळा म्हनले ते? मंग लुगडी कुठनं आननार येवढी? बसलात काय?"

मुकादमाचा ट्रॅक्टर निघाला त्या सकाळी मी गावात होते. ट्रॉलीत भांडी, शेळ्या, बोचकी आणि माणसं. तो मावशीच्या दारापाशी थांबला, हॉर्न वाजवला. ती ओट्यावर लुगडी निवडत बसली होती.

"वहिनी, अजून टाइम हाय."

"न्हाई भाऊ. यंदा मी हितं हाय."

"काय करताव हितं?"

"थंडी बघनार हाय."

त्याने ड्रायव्हरकडे पाहिलं. "चल बे," म्हणाला, आणि ट्रॅक्टर गेला. ट्रॉलीतल्या दोन-तीन बायका बराच वेळ मागे बघत होत्या. मावशीने हात हलवला, आणि मग आत जाऊन ती काही वेळ बाहेर आली नाही. सगळ्यांनाच राहता आलं नव्हतं.

दिवाळीनंतर मी बीडला परतले. पौषात दुसऱ्या खेपेचा माल तपासायला आत्याने पुन्हा बोलावलं. या वेळी फोन मलाच केला. सकाळच्या पहिल्या गाडीने गेले. मावशी ओट्यावर उन्हात बसली होती, नाकापर्यंत वाकळ गुंडाळून, समोर अर्धी शिवलेली दुसरी. काकू शेजारी.

"मावशी, बघितला का हिवाळा?"

"बगितला." ती शिंकली. "लई गार हाय बाई हे घर. फडात पाचटाची शेकोटी तरी आसती. हितं पत्रा वरून गळतोय नुसता, दवानं. कुनी सांगितलंच न्हाई मला."

"मी दरसाली सांगत हुते," काकू म्हणाली. "जा की मंग परत."

"जा म्हनं. न्हाई जात." तिने वाकळ आणखी वर ओढली आणि खूश होऊन नाक पुसलं. मग सरकून मला जागा केली, दोरा ओवलेली सुई माझ्या हातात दिली. मी दहाबारा टाके घातले, जमेल तेवढे बारीक. तिने कापड उलटं केलं, डोळे मिटले आणि पाठीवरून हात फिरवला. हात थांबला.

"उसव," ती म्हणाली.